रोज मूठभर नट्स: सुरुवात शेंगदाण्यापासून करा

नट्स खायला सुरुवात करायचीये पण काय आणू, किती खाऊ, भिजवू का नको, परवडेल का, हे प्रश्न आमच्या घरात आणि ओळखीत इतक्या वेळा निघतात की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढते. हे अगदी नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्याकडे बदाम फक्त शिऱ्यावर आणि काजू फक्त दिवाळीच्या बॉक्समध्ये दिसतात त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. नट्स हे जे खाताय त्यात भर म्हणून खायचे नाहीत, कशाच्या तरी बदली खायचे. चारच्या चहाबरोबरची खारी, बटर, बिस्किटं, शेव, भाकरवडी यातलं काहीतरी एक काढायचं आणि त्या जागी मूठभर दाणे ठेवायचे. हे जमलं तर बाकीचं सगळं सोपं आहे, आणि हे नाही केलं तर मग महिन्याभराने "नट्स खाल्ले आणि वजनच वाढलं" अशी तक्रार येते आणि बिचारे बदाम डब्यात पडून राहतात.

फायदा नक्की काय होतो

३० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण ७ ते ८ ग्रॅम प्रोटीन असतं. आपल्या रोजच्या पोळी-भाजी-भातात प्रोटीन कमी पडतं हे आता सगळ्यांना माहितीये, सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-बिस्कीट असं असेल तर त्यात हे ७ ग्रॅम चांगलेच उपयोगी पडतात. फक्त त्यासाठी डाळ-उसळ कमी करू नका, दाण्याचं प्रोटीन डाळीची जागा घेत नाही, दोन्ही पाहिजेत.

दुसरं म्हणजे फॅट. नट्समध्ये जवळपास निम्मं वजन फॅटचंच असतं, अक्रोडात तर ६५ टक्क्यांच्या आसपास, आणि हे ऐकून लोक घाबरतात. पण यातलं बहुतेक फॅट अनसॅच्युरेटेड प्रकारचं असतं, म्हणजे वनस्पती तूप आणि बेकरीच्या मार्जरीनमध्ये जे असतं त्याच्या उलट काम करणारं. कोलेस्टेरॉल तर कुठल्याच नटमध्ये नसतं, कारण ते फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. २५ वेगवेगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१० मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं, त्यात रोज सरासरी ६७ ग्रॅम नट्स खाणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण बॅड कोलेस्टेरॉल म्हणतो ते, साधारण ७ टक्क्यांनी उतरलं होतं. ६७ ग्रॅम म्हणजे आपल्या मुठीच्या दुप्पट, त्यामुळे मूठभर खाऊन तेवढाच फरक पडेल असं समजू नका, पण दिशा कळते.

सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते स्पेनमधल्या प्रेडिमेड नावाच्या अभ्यासाचं. हार्टचा धोका जास्त असलेले सात हजारांवर लोक घेतले, त्यांचे गट केले, एका गटाला तिकडच्या पद्धतीच्या भाज्या-फळं-मासे अशा आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम नट्स दिले, त्यात १५ ग्रॅम अक्रोड आणि उरलेले बदाम आणि हेझलनट. २०१३ मध्ये निकाल आला, मग गट पाडण्याच्या पद्धतीत काही गडबड सापडली म्हणून तो मागे घेतला आणि नव्याने गणित करून २०१८ मध्ये पुन्हा छापला, आणि तरीही हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि त्यामुळे होणारे मृत्यू हे सगळं मिळून साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसलं. मला यातला महत्त्वाचा भाग वाटतो तो म्हणजे ३० ग्रॅम. किलोभर नाही, मूठभर. आणि सोबतचं जेवणही धड होतं.

मॅग्नेशियम, फायबर, व्हिटॅमिन ई हेही आहेच. २८-३० ग्रॅम बदामात ७ मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन ई मिळतं म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास. अक्रोडात वनस्पतीजन्य ओमेगा-३ असतं, मासे न खाणाऱ्यांना ते कामाचं. बी-१२ मात्र कुठल्याच नटमध्ये नाही, शाकाहारी लोकांनी तेवढी तपासणी वेगळी करून घ्या, बदाम खाऊन ती कमतरता भरून येणार नाही.

पायरी १: एकच प्रकार निवडा, आणि तो शेंगदाणा असू दे

सुरुवातीलाच ऑनलाइन सात प्रकारचं ट्रेल मिक्स मागवायची काहीएक गरज नाही. घरात शेंगदाणे आहेतच. वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने तो नट नाहीच, तूर-मुगाच्या कुळातला, जमिनीखाली शेंग धरणारा, पण शरीराला काय मिळतं ते बघितलं तर तो बदामाच्या पंगतीत आरामात बसतो. १०० ग्रॅममध्ये प्रोटीन शेंगदाण्यात २५-२६ ग्रॅम, बदामात २१, काजूत १८, अक्रोडात १५. म्हणजे सगळ्यात स्वस्त तोच आणि प्रोटीनला सगळ्यात पुढेही तोच. फोलेट आणि नायसिन ही बी गटातली व्हिटॅमिनंसुद्धा त्यात चांगली आहेत.

शिवाय तो आपल्या खाण्यात इतका मुरलाय की वेगळी सवय लावावी लागत नाही. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी, भाकरीबरोबर सोलापुरी चटणी, गणपतीच्या सुमारास येणाऱ्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या. ज्याला बदाम परवडत नाहीत त्याने वाईट वाटून घ्यायचं काहीच कारण नाही, नुसते शेंगदाणे नियमित खाल्ले तरी या लेखातला बहुतेक फायदा तुमच्या पदरात पडतो. हे मी अगदी मनापासून सांगतेय कारण नट्स म्हणजे श्रीमंतांचं खाणं असा समज करून घेऊन कितीतरी लोक सुरुवातच करत नाहीत.

महिनाभर शेंगदाणे अंगवळणी पडले की मग बदाम, मग अक्रोड असं एकेक वाढवा. खजूर, मनुका, अंजीर, जर्दाळू यांना या हिशोबात धरू नका. ते सुकवलेली फळं आहेत, त्यांच्यात साखर भरपूर आणि प्रोटीन-फॅट नावापुरतं. वाईट नाहीत, पण डायबेटिस असलेल्या माणसाने "ड्रायफ्रूट खातोय" म्हणून पाच-सहा खजूर खाल्ले तर शुगर वाढणारच.

पायरी २: किती? एकदा वजन करून बघा

मोठ्या माणसाला दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास पुरे. सुरुवात १५ ने करा. मूठभर म्हणतात खरं पण प्रत्येकाची मूठ वेगळी, शिवाय मूठ भरताना हात आपोआप सैल सुटतो, म्हणून पहिल्यांदा किचनच्या वजनकाट्यावर ३० ग्रॅम मोजा, घरातल्या एखाद्या छोट्या वाटीत ओता आणि ते कुठपर्यंत येतं ते बघून ठेवा. पुढे तीच वाटी. काटा नसेल तर नगावर जा: बदाम २३ ते २५, काजू १६ ते १८, अक्रोडाचे अर्धे १४ म्हणजे अख्खे ७, सोललेले पिस्ते ४५-५०. हे यातलं कुठलंही एकच घेतलं तर, सगळे मिळून नव्हे हं.

३० ग्रॅममध्ये साधारण १७० ते १९५ कॅलरी येतात, अक्रोड वरच्या टोकाला. अख्ख्या बदामाच्या बाबतीत एक गंमतशीर गोष्ट अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवली, पाकिटावर छापलेल्या कॅलरीपेक्षा शरीराला प्रत्यक्षात जवळपास पाव हिस्सा कमी मिळतात, कारण चावून चावून सुद्धा बदामाच्या सगळ्या पेशी फुटत नाहीत आणि आतलं थोडं फॅट तसंच बाहेर पडतं. बारीक वाटलेल्या बदामात किंवा बटरमध्ये हे होत नाही, म्हणून दात धड असतील तर अख्खेच खा.

आणि कूट मोजायला विसरू नका! हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. चार जणांच्या साबुदाणा खिचडीत एक वाटी कूट पडलं तर ते साधारण ८० ग्रॅम, म्हणजे माणशी २० ग्रॅम दाणे खिचडीतूनच पोटात गेले. त्या दिवशी वरून मूठभर दाणे आणि रात्री बदाम नकोत. ज्या भाजीत भरपूर कूट घालताय तिच्या फोडणीचं तेल पण हात आखडून घाला, कूट स्वतः तेल सोडतंच.

पायरी ३: काय काढायचं ते ठरवा

कागदावर लिहा हवं तर. संध्याकाळी चार ते सहा या वेळेत तुम्ही काय खाता? ऑफिसमध्ये असाल तर वडापाव, समोसा, क्रीम बिस्कीट, घरी असाल तर चिवडा-शेव. शेव आणि दाणे यांच्या कॅलरी वजनाला वजन जवळपास सारख्याच निघतात, फरक हा की शेव म्हणजे तळलेलं पीठ आणि मीठ, आणि त्याने पोट भरल्यासारखं वाटत नाही म्हणून हात थांबत नाही. दाणे चावावे लागतात, प्रोटीन-फायबर असतं, रात्रीच्या जेवणापर्यंत टिकतं. डायबेटिसवाल्यांना याचा विशेष उपयोग, कारण शेंगदाण्याने रक्तातली साखर फारच हळू चढते.

चहाबरोबरच खाऊ का असं विचाराल तर शक्यतो नको. दाण्यांमधलं लोह शरीरात शोषलं जाण्यात चहा अडथळा आणतो, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये हिमोग्लोबिनची बोंब आधीच असते. दाणे आधी खा, तासाभराने चहा घ्या. लोहाचं आणखी भलं करायचं असेल तर लिंबू पिळा: उकडलेले शेंगदाणे, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि वरून अर्धं लिंबू. हे एकदा करून बघाच, पोरंसुद्धा मागून मागून खातात.

पायरी ४: खरेदी

इथे थोडं सविस्तर सांगते कारण पैसे इथेच वाया जातात.

शेंगदाणे घेताना दुकानदाराकडून चार दाणे मागून घ्या आणि चावून बघा. पुण्या-मुंबईच्या बाजारात घुंगरू, स्पॅनिश, जाडा अशा नावांनी मिळतात, कूट आणि खिचडीला बारीक घुंगरू छान लागतो, नुसते भाजून खायला जाडा. सुरकुतलेले, काळपट डाग पडलेले, हिरवट-राखाडी बुरशी दिसणारे दाणे असतील तर ते पोतं स्वस्तात देत असले तरी घेऊ नका. हे फक्त चवीपुरतं नाहीये. दमट जागी राहिलेल्या शेंगदाण्यावर एक बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते लिव्हरला घातक आहे, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरच्या कॅन्सरपर्यंत गोष्ट जाते, आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. त्यामुळे घरी आणल्यावर ताटात पसरून निवडा, खराब दाणा सरळ कचऱ्यात. भाजीत "एवढंसं काय होतंय" करून ढकलू नका. आणि खाताना एखादा दाणा कडू-खवट लागला तर गिळू नका, थुंकून टाका आणि चूळ भरा.

बदामात बाजारात सहसा तीन नावं ऐकू येतील, कॅलिफोर्निया, ममरा आणि गुरबंदी. कॅलिफोर्निया म्हणजे सपाट, एकसारखा दिसणारा, सगळीकडे मिळणारा. ममरा आणि गुरबंदी इराण-अफगाणिस्तानकडचे, जास्त तेलकट आणि बरेच महाग. नव्या माणसाने कॅलिफोर्नियावरच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे, ममऱ्याला जेवढे जास्त पैसे मोजता तेवढा जास्त फायदा मिळत नाही, चवीसाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

काजूचे ग्रेड असतात आणि ते समजून घेतले तर पैसे वाचतात. डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं, तो आकडा म्हणजे एका पाउंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे काजू बसतात तो. आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि भाव चढा. पौष्टिकता तीच. पाकळी आणि तुकडा त्याहून स्वस्त, आणि रोजच्या खाण्याला तुकडा काय वाईट आहे? कोकणात कुणी ओळखीचं असेल तर वेंगुर्ला-मालवण भागातून थेट मागवा, वेंगुर्ला काजूला जीआय मानांकन पण आहे. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर ओल्या काजूची उसळ चुकवू नका. पण झाडावरची काजूबी आणून हौसेने घरी फोडायला जाऊ नका, टरफलातला डीक-तेल हाताला लागलं की कातडी भाजल्यासारखी सोलवटते, बाजारातले "कच्चे" काजू सुद्धा कारखान्यात वाफवून किंवा भाजूनच फोडलेले असतात.

अक्रोड सगळ्यात नाजूक. त्यातलं फॅट हवेला लागलं की पटकन खराब होतं. फोडलेला घेत असाल तर रंग फिका सोनेरी बघा, एक तुकडा मोडून नाकाशी धरा, जुन्या तेलाच्या डब्यासारखा किंवा ऑइल पेंटसारखा वास आला तर पाकीट परत करा. कितीतरी लोक म्हणतात मला अक्रोड आवडत नाही, कडू लागतो, आणि त्यांनी आयुष्यात फक्त खवट अक्रोडच खाल्लेला असतो. थोडासा तुरटपणा सालीचा असतो, तो चालतो. शक्यतो कवचासकट घ्या, काश्मीरचा नवा माल सप्टेंबरनंतर उतरतो आणि दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे मिळायला लागतो, तेव्हाचा अक्रोड खाऊन बघा म्हणजे फरक कळेल.

पिस्ते खारवलेले असतात, बीपी असेल तर बिनमिठाचे शोधा. खारे दाणे, मसाला काजू, हनी-रोस्टेड बदाम हे सगळं रोजच्या यादीतून बाहेर, कधीतरी पाहुणे आले तर ठीक. पीनट बटर घेत असाल तर मागचं लेबल वाचा, शेंगदाणे आणि फार तर मीठ एवढंच लिहिलेलं पाहिजे, साखर आणि पाम तेल असेल तर ठेवून द्या. घरी तर ते अगदीच सोपं, भाजलेले दाणे मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवत राहायचं, आधी कूट, मग गोळा, मग तेल सुटून पातळ होतं.

हल्ली ऑनलाइन ब्राझील नट पण दिसतात. ते मुठीने खायचे नाहीत, दिवसाला एकच. एका दाण्यात दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त सेलेनियम असू शकतं, आणि ते रोज जास्त झालं तर केस गळण्यापासून नखं तुटण्यापर्यंत त्रास होतो.

मुंबईकरांना मशीद बंदर किंवा वाशीचं एपीएमसी, पुणेकरांना मार्केट यार्ड, तिथे किलोवर घेतलं तर बराच फरक पडतो, पण एकट्याने किलो किलो भरू नका, दोन-तीन घरं मिळून आणा आणि वाटून घ्या.

पायरी ५: भाजणं, भिजवणं, ठेवणं

शेंगदाणे भाजायला लोखंडी कढई, मंद आच आणि सतत ढवळणं. मोठ्या आचेवर साल काळी होते आणि आतून दाणा कच्चाच राहतो. दहा मिनिटांच्या आसपास लागतात, तडतड सुरू झाली, सालीवर कुठे कुठे तपकिरी ठिपके दिसले की एक दाणा काढून गार करून चावा, गार केल्याशिवाय कुरकुरीतपणा कळत नाही. गॅस किंचित आधीच बंद करा कारण कढईच्या उष्णतेत ते पुढे भाजत राहतात, आणि लगेच ताटात पसरा. नुसते खायचे असतील तर साली काढू नका, त्यात फायबर आणि अँटिऑक्सिडंट असतात. कुटासाठी काढायच्या तर गार झाल्यावर हाताने चोळून सुपात पाखडा. कूट करताना मिक्सर एकदम चालू ठेवू नका, पल्सवर थांबत थांबत, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. जाडसर कूट जास्त चांगलं, चवीलाही आणि चावायलाही.

बदाम भिजवायचे का? भिजवले की मऊ होतात, चावायला-पचायला हलके वाटतात, साल निघते, म्हणून ज्यांना कोरडे बदाम जड पडतात त्यांनी रात्री भिजवून सकाळी खावेत. पण भिजवल्याने पौष्टिकता दुप्पट होते वगैरे जे सांगतात तसं काही नाही, फरक थोडकाच आहे. सकाळच्या गडबडीत भिजवायचं राहिलं म्हणून तो दिवस चुकवू नका, कोरडेच खा. सालही खाल्ली तरी चालते. भिजवलेले एका दिवसात संपवा, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये भिजवा. एखादा बदाम जहर कडू निघाला तर तो टाकून द्या.

ठेवण्याचं म्हणाल तर पावसाळा हा खरा शत्रू. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बाहेरच्या डब्यात दाणे सादळतात, जाळी धरतात, बुरशी येते. शेंगदाणे, बदाम, काजू हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये, अक्रोड तर बाराही महिने फ्रिजमध्येच, जास्त असतील तर फ्रीझरला. डबा कांदा-लसणाजवळ नको, नट्स वास ओढून घेतात. भाजलेले दाणे आणि कूट आठवड्या-दोन आठवड्यांपुरतंच करा. डबा उघडल्यावर आधी नाकाने तपासायची सवय लावा.

पायरी ६: पहिले काही आठवडे

पहिल्या आठवड्यात रोज १५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, एकाच ठरलेल्या वेळी. ज्यांना फायबरची सवय नाही त्यांना पोटात थोडा गॅस होऊ शकतो, पाणी वाढवा, नीट चावा, आठवड्याभरात बसतं. शेंगदाण्याने पित्त होतं अशी तक्रार असेल तर उपाशीपोटी खाऊ नका, रात्री झोपताना खाऊ नका, आणि भाजलेल्याऐवजी भिजवून उकडलेले खाऊन बघा, बऱ्याच जणांना ते सोसतात. तरीही त्रास होतच असेल तर शेंगदाणा सोडा आणि चार बदामांपासून सुरू करा, जबरदस्ती नको.

दुसऱ्या आठवड्यापासून ३० ग्रॅमकडे जा. तिसऱ्या-चौथ्यात अर्धे शेंगदाणे आणि अर्धे बदाम, मग आठवड्यातून दोन-तीनदा दोन-तीन अक्रोड. डबा ऑफिसच्या टेबलावर भरलेला ठेवू नका, समोर असला की हात जातोच, घरूनच दिवसाचं मोजून छोट्या डबीत न्या. प्रवासात गुडदाणी किंवा चिक्की चालेल पण त्यात गूळ असतो हे धरून चला.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा अजिबात देऊ नका, शेंगदाणा, काजू, चणा काहीही. श्वासनलिकेत अडकतो आणि मिनिटांत जीवावर बेततं. घरात पाहुण्यांसाठी वाटीत खारे दाणे ठेवलेत आणि बाळ रांगतंय असं चालत नाही, वाटी वर ठेवा. मुलांना बारीक कूट पोळीच्या लाडवात, बदामाची पूड दुधात, पीनट बटर पातळ करून पोळीला लावून द्या. घट्ट पीनट बटरचा गोळा चमच्याने भरवू नका, तोही घशात चिकटतो. बाळाला वरचं अन्न सुरू करताना शेंगदाणा लांबणीवर टाकायची पूर्वी पद्धत होती, पण २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या प्रयोगात ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान मऊ स्वरूपात शेंगदाणा सुरू केला तर पुढे ॲलर्जी खूपच कमी झाली असं दिसलं. बाळाला एक्झिमा (त्वचेला खाज आणि चट्टे) किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

आजी-आजोबांना दात नसतात म्हणून त्यांचे नट्स बंद करू नका, उलट त्यांना प्रोटीनची गरज जास्त. दह्यात कूट, दाण्याची पातळ आमटी, भिजवून सोललेल्या बदामाची पेस्ट कोमट दुधात, अक्रोडाची पूड मऊ भातावर. बाजारातला बदाम मिल्क मिक्सचा डबा नको, त्यात बहुतेक साखरच असते.

कोणी जपून

ॲलर्जी असेल त्याने प्रयोग करायचाच नाही. खाल्ल्यावर काही वेळात ओठ किंवा डोळे सुजले, अंगावर गांध्या उठल्या, घसा आवळल्यासारखा वाटला, धाप लागली किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल.

किडनीचा आजार असेल तर नट्समधलं पोटॅशियम आणि फॉस्फरस अडचणीचं ठरू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वारंवार मुतखडा होत असेल तर बदाम-काजूमध्ये ऑक्झॅलेट, म्हणजे ज्यापासून खडे बनतात ते, जास्त असतं, तेही आधी विचारून घ्या.

आणि एक जे कुणी सांगतच नाही: थायरॉइडची गोळी. आपल्याकडे कितीतरी बायका सकाळी उठल्या उठल्या गोळी घेतात आणि पाठोपाठ रात्री भिजवलेले बदाम-अक्रोड खातात. अक्रोड आणि फायबर असलेले पदार्थ गोळी नीट शोषू देत नाहीत, मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, खाली येत नाही आणि डोस वाढत जातो. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, तासभर तरी काही खाऊ नका, आणि नट्स सरळ दुपारनंतर ठेवा म्हणजे प्रश्नच मिटला.

तपासायचं कसं

सुरू करायच्या आधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) आणि शुगरचा अलीकडचा रिपोर्ट असेल तर तो जपून ठेवा, नसेल आणि चाळिशी ओलांडली असेल तर करून घ्या. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी बघा. वजन वर जायला लागलं तर नट्स बंद करायच्या आधी बघा की फरसाणाचा डबा खरंच बंद झालाय का दोन्ही चालू आहेत. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा आणि रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना सांगा की रोज नट्स चालू आहेत, कुठले आणि किती ग्रॅम तेही सांगा. एलडीएल उतरलं असेल तरी कोलेस्टेरॉलची किंवा शुगरची गोळी आपल्या मनाने कमी करू नका, ते त्यांनाच ठरवू द्या.